फंक्शन-संदर्भ दस्तऐवजांतील मांडणी-संकेत : एक समीक्षा

फंक्शनांच्या संदर्भ-दस्तऐवजांची मांडणी हा केवळ बाह्यरूपाचा प्रश्न मानला जातो. ही धारणा अपुरी आहे. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या ‘युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल’ने (१९७१) नाव, वापराची रीत व वर्णन यांबरोबरच ‘बग्ज’ हे शीर्षकही रूढ केले. त्यामुळे ज्ञात दोषांची नोंद हा लेखनाचाच भाग ठरला. याउलट, जावाडॉकच्या प्रमाण खुणांत फंक्शनला पुरवायची मूल्ये, परत मिळणारे मूल्य व अपवाद यांना स्थान आहे; दोषांसाठी स्वतंत्र खूण नाही. पायथनच्या ‘पेप २५७’ने (२००१) आशयाचे संकेत सांगितले, चिन्हांकनाची पद्धत मात्र ठरविली नाही, परिणामी अनेक शैली प्रचलित झाल्या. एकरूपतेचा आग्रह योग्यच आहे. परंतु कोणती माहिती देणे लेखकावर बंधनकारक असावे, याचा निर्णय शीर्षकांच्या निवडीतच होतो. म्हणून मतैक्य प्रथम त्यावर व्हावयास हवे.