उंबरठा
जब्बार पटेल दिग्दर्शित मराठी चित्रपट (१९८२). शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारित. पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन (स्मिता पाटील) लहान मुलीला सासरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका होते. मुलांना सोडून नोरा बाहेर पडते, तेथे इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) संपते. सुलभा मात्र परत येते आणि चित्रपटाचे खरे मोल या परतण्यात आहे. घरच्या माणसांत रमलेल्या मुलीला आई परकी झालेली असते. हे दुखणे स्मिता पाटील यांनी अतिशय संयमाने व्यक्त केले आहे. तथापि पतीच्या परस्त्रीसंबंधाच्या कबुलीमुळे सुलभेचे दुसरे निर्गमन सहज समर्थनीय ठरते (हा मार्ग पटकथेने जरा सोयीचाच निवडला) आणि मुलीशी समेटाचा अधिक बिकट प्रश्न मागे पडतो.