फुगणारे विश्व आणि न सापडलेले कण

विश्वाचा आरंभ शिकवताना आपण बहुधा महास्फोटापाशी थांबतो. अ‍ॅलन गूथ यांचे ‘द इन्फ्लेशनरी युनिव्हर्स’ (१९९७) हे पुस्तक त्याच्या आणखी आत शिरते. शिक्षकांनी ते जरूर वाचावे, पण हाती पेन्सिल घेऊन.

पुस्तकाचे बळ त्यातल्या प्रश्नात आहे. मूलकणांच्या महाएकीकरण सिद्धांतांनुसार आरंभीच्या तप्त विश्वात एकच चुंबकीय ध्रुव असलेले जड कण विपुल निर्माण व्हायला हवेत. आज असा एकही कण सापडत नाही. असे का? हे कोडे सोडवताना डिसेंबर १९७९ मध्ये गूथ यांच्या लक्षात आले, की विश्व क्षणार्धात प्रचंड फुगले असले पाहिजे. मूळ कल्पनेत हा फुगवटा नीट थांबत नव्हता. १९८२ मध्ये लिंडे यांनी आणि स्वतंत्रपणे अल्ब्रेक्ट व स्टाइनहार्ट यांनी ती सुधारली. गूथ हे लपवत नाहीत. विज्ञान कसे घडते, ते इथे दिसते.

तक्रार आहे ती शेवटच्या प्रकरणांबद्दल. प्रयोगशाळेत विश्व घडवणे, शून्यातून विश्व निघणे हे सारे त्याच आत्मविश्वासाच्या सुरात येते. पुरावा संपून तर्क कुठे सुरू झाला, हे नवख्या वाचकाला कळणे कठीण.

हे महत्त्वाचे आहे, कारण जोडणीची दोन टोके सारखी भक्कम नाहीत. आकाशाची बाजू बळकट आहे. सूक्ष्मलहरी प्रारणातले लाखात एक एवढे चढउतार ‘कोबे’ उपग्रहाने १९९२ मध्ये टिपले. पुढे ‘प्लँक’ची मापनेही फुगवट्याशी जुळली. कणांची बाजू मात्र रिकामी आहे. महाएकीकरणाने सांगितलेला प्रोटॉनचा क्षय कोलारच्या सोन्याच्या खाणीत शोधला गेला, पुढे जपानमध्येही. त्याचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही. २०१२ मध्ये सापडलेला हिग्ज कण स्टँडर्ड मॉडेलमधलाच. महाएकीकरणाची ऊर्जा आजच्या सर्वांत मोठ्या त्वरकाच्याही सुमारे लाख कोटी पट आहे. विश्व फुगवणाऱ्या क्षेत्राला ‘इन्फ्लेटॉन’ हे नाव आहे, ओळख नाही.

वर्गात फळ्यावर तीन रकाने करावेत : पाहिलेले, त्यावरून काढलेले, आणि गृहीत धरलेले. प्रारणातले चढउतार पहिल्यात, फुगवटा दुसऱ्यात, इन्फ्लेटॉन तिसऱ्यात. पुस्तकाचे प्रत्येक प्रकरण कुठे बसते, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.