‘सेट’ची अर्थगणना

इंग्रजी ‘सेट’ या क्रियापदाचे ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सुमारे ४३० अर्थ नोंदले आहेत. हा आकडा शब्दाच्या सामर्थ्याचे प्रमाण म्हणून पुढे केला जातो; वस्तुतः तो कोशकाराच्या विभागणीचे माप होय. हाड, घड्याळ, सापळा, सिमेंट यांच्या संदर्भात हे क्रियापद योजिले असता ‘नियत स्थितीत आणणे वा येणे’ हाच अर्थ प्रतीत होतो. उरलेला भेद सहचारी नामाचा आहे. याउलट ‘समूह’वाचक ‘सेट’ हे नाम लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आले, मूळचे निराळे असूनही ते पुढे या क्रियापदाच्या छायेत आले. मराठीतही भूक, आग, ठेच ‘लागते’. अशा ठिकाणी अभ्यासकाने प्रथम व्युत्पत्ती तपासावी, संदर्भजन्य छटा वेगळ्या काढाव्यात आणि मगच अर्थ मोजावेत.