बंदराचा वाटाड्या

प्रवासवर्णन तें वाङ्मय आणि वाटाड्याचें पुस्तक ती उपयोगाची वस्तु, असा भेद आपल्याकडे सर्वसाधारणपणें मानला जातो. तो पुष्कळ अंशीं खराहि आहे. आगगाडीचें वेळापत्रक रसग्रहणासाठीं कोणी वाचीत नाहीं. परंतु बंदरांत जहाज लागल्यावर उतारूनें कोठें जावें, कसें जावें आणि काय पाहावें हें सांगणारें जें पुस्तक असतें, तें या भेदांत नीट बसत नाहीं. उतारूजवळ वेळ थोडा असतो, भाषा परकी असते, आणि त्याला चुकीचें सांगितलें तरी तो जाब विचारण्यास पुन्हां येण्याचा संभव नसतो. अशा वाचकाशीं लेखक कसा वागतो, यावर पुस्तकाची योग्यता ठरते. आणि हा प्रश्न उपयोगाचा नसून सचोटीचा आहे. सचोटी हा वाङ्मयाचाहि गुण आहे, म्हणून या जातीच्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकीं एकाचें परीक्षण येथें योजिलें आहे.

हा ग्रंथ म्हणजे 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस'. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानें केलेला जलप्रवास, आणि एरिथ्रियन समुद्र या नांवाखालीं तांबड्या समुद्राबरोबर आपला पश्चिम समुद्रहि येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमध्यें राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तो लिहिला. त्याचें नांव मात्र उरलेलें नाहीं. लहानलहान ६६ प्रकरणांचा हा ग्रंथ दहाव्या शतकांतील एका हस्तलिखितामुळें वांचला. मॅक्रिंडल (१८७९), शॉफ (१९१२) आणि कॅसन (१९८९) यांच्या इंग्रजी भाषांतरांनीं तो आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं आला. इतिहासकार त्याच्याकडे पुराव्याचें भांडार म्हणून पाहतात. आपण तो एका मनुष्यानें दुसऱ्यासाठीं लिहिलेलें पुस्तक म्हणून वाचूं.

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हां धाराशिवकरांना या समुद्राच्या पुस्तकाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य आहे तें तेर या गांवामुळें. तेरणेच्या कांठचें हें गांव गोरा कुंभाराचें म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु पेरिप्लसमध्यें 'तगर' या नांवानें ज्या मोठ्या नगराचा उल्लेख येतो, तें हेंच. दक्षिणापथाच्या दोन प्रमुख बाजारपेठा ग्रंथकार सांगतो: पैठण आणि तगर. दोन्ही ठिकाणीं समुद्र नाहीं. तरीहि बंदरांच्या वाटाड्यानें त्यांना जागा दिली, ही गोष्टच प्रथम लक्षांत घेण्यासारखी आहे.

आधीं बंदरांत शिरण्याचा भाग पाहूं. भडोचच्या आखाताचें वर्णन हा या पुस्तकांतील सर्वांत चांगला गद्यभाग होय. आखात अरुंद, वाळूचे दांडे लपलेले, नदीचें मुख सांपडणें कठीण, आणि भरती अशी कीं तिच्या आवाजाला त्यानें दूरच्या सैन्याच्या गलक्याची उपमा दिली आहे. एरव्हीं उपमेच्या वाटेस न जाणारा हा लेखक येथें उपमा वापरतो, तीहि शोभेसाठीं नव्हे. तो आवाज ऐकतांच नाखव्यानें सावध व्हावें यासाठीं. पुढें उपाय सांगतो: राजाच्या नोकरींतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात, भरतीबरोबर गलबत वर नेतात आणि ओहोटींत ठरलेल्या ठिकाणीं नांगरून ठेवतात. संकट आणि त्यावरील माणूस, दोन्ही एकाच ठिकाणीं सांपडतात. परक्या वाचकाला याहून अधिक काय हवें?

आतां ५१ वें प्रकरण. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीक आणि तगरहून साधें कापड व नानापरीची मलमल, हा सर्व माल जेथें रस्ता नाहीं अशा विस्तीर्ण प्रदेशांतून गाड्यांवर लादून भडोचला येतो. मजकूर एवढाच. त्याची पारख नकाशावर करावी. भडोच ते पैठण सरळ रेषेनें सुमारें ३५० किलोमीटर भरतें, आणि पैठण ते तेर सुमारें १५०. म्हणजे पहिल्या टप्प्यांत दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर आणि दुसऱ्यांत पंधरा. वळणें धरलीं कीं बैलगाडीची चाल बरोबर जुळते. दिशेंत मात्र तो चुकतो, कारण तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस, किंबहुना अधिक दक्षिणेसच आहे. अंतर खरें आणि दिशा ढोबळ, यावरून त्यानें ही वाट स्वतः तुडविली नसावी, गाडीवानांकडून किंवा दलालांकडून ऐकली असावी, असें अनुमान निघतें. गाडीवान दिवस मोजतो. दिशा मोजण्याचें त्याला कारण नसतें.

येथें एक शंका येते. तेरहून कल्याण सरळ रेषेनें सुमारें ३३० किलोमीटर आणि भडोच सुमारें ५००. मग जवळचें बंदर टाकून माल इतक्या दूर कां जावा? उत्तर पुढच्याच प्रकरणांत आहे. कल्याण हें पूर्वीं रीतसर व्यापाराचें बंदर होतें, परंतु सत्ता बदलल्यावर तेथें अडथळे आले, आणि चुकून तेथें गेलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्याखालीं भडोचला नेलीं जाऊं लागलीं. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्याची ही छाया होय. ग्रंथकार दोन प्रकरणांतला हा दुवा जोडून दाखवीत नाहीं. वाचकालाच तो जोडावा लागतो. पण ज्या बंदरांत जाणें धोक्याचें तेथला धोका तो लपवीत नाहीं.

आतां दोष. पहिला दोष मौजेचा आहे. भडोचकडच्या मुलखांत पाहण्यासारखें काय, याविषयीं तो एकच गोष्ट सांगतो: अलेक्झांडरच्या स्वारीच्या खुणा, म्हणजे जुनीं देवस्थानें, छावण्यांच्या भिंती आणि मोठ्या विहिरी, अजून तेथें दिसतात. अलेक्झांडर सिंधूच्या मुखावरून परत फिरला. गुजराथेंत तो कधींच आला नाहीं. कोणीतरी आपल्या गांवच्या विहिरीला ग्रीक पाहुण्याच्या आवडीचें नांव दिलें आणि पाहुण्यानें तें टिपून घेतलें! परंतु थोडें पुढें, भडोचच्या बाजारांत अपोलोडोटस आणि मिनँडर यांचीं जुनीं नाणीं अजून चालतात, असें तो सांगतो. तें विश्वसनीय आहे, कारण तीं नाणीं त्याच्या हातांतून गेलेलीं होतीं. ज्या गोष्टींत त्याचा पैसा गुंतला होता तेथें हा लेखक सहसा फसत नाहीं. प्रेक्षक झाला कीं फसतो.

दुसरा दोष गंभीर आहे. तगरच्या कापडाचे प्रकार तो सांगतो. तें विणणाऱ्याविषयीं एक अक्षरहि नाहीं. रस्ता नसलेल्या मुलखांतून महिनाभर गाडी हाकणारा मनुष्य केवळ 'गाड्या' या एका शब्दांत येऊन जातो. ईजिप्तहून जुलैच्या सुमारास निघालेलीं गलबतें नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्यास लागत, आणि परतीचा वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्यांना इकडेच राहावें लागे. म्हणजे त्यांच्याजवळ तास नव्हते, महिने होते. तरीहि ज्याच्या मालावर त्यांचा नफा अवलंबून होता त्या विणकराची चौकशी करण्याची इच्छा या पुस्तकांत कोठेंहि दिसत नाहीं. दोष फुरसतीच्या अभावाचा नसून दृष्टीचा आहे.

आजच्या बंदरावर येऊं. ज्यांना आतां क्रूझ म्हणतात अशीं सहलीचीं जहाजें मुंबईस बॅलार्ड पियरला लागतात, आणि उतारूला बहुधा आठ-दहा तास मिळतात. या वेळांत काय होण्याजोगें आहे तें स्पष्ट सांगतां येईल. बोरीबंदरची १८८८ सालची इमारत धक्क्यापासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. १९२४ सालचा गेट वे ऑफ इंडिया थोडा दूर. तेथून लाँचनें सुमारें तासाभरांत घारापुरी. लेणीं सोमवारीं बंद असतात, आणि पावसाळ्यांत समुद्राचा भरंवसा नसतो. जाणें, येणें आणि पायऱ्यांची चढण धरून अर्धा दिवस मोडतो. म्हणून घारापुरी किंवा शहर, यांपैकीं एकच नीट पाहावें. इतकें खरें सांगणारा वाटाड्या उतारूचा मित्र समजावा. परंतु अशा मार्गदर्शिकांचा नेहमींचा सूर वेगळा असतो. त्या दहा स्थळें आठ तासांत बसवितात आणि त्या धांवपळीला 'भारतदर्शन' हें नांव देतात. घाटमाथ्यापलीकडे कांहीं आहे, याची वार्ताहि त्यांत नसते.

येथेंच पेरिप्लसचा मोठेपणा कळतो. आपल्या वाचकाला तगरला नेणें त्याला शक्य नव्हतें, आणि तसें आमिष त्यानें दाखविलें नाहीं. पण या बंदरांत जें कापड तुम्ही हाताळतां तें तीस दिवसांच्या वाटेवरून येतें, हें त्यानें लिहून ठेवलें. बंदर हें देशाचें दार आहे, घर नव्हे, एवढी जाणीव त्या एका वाक्यानें वाचकाला होते. आणि सुमारें अठराशें वर्षांनीं त्या वाक्याचा उपयोग झाला. तगर म्हणजे कोणी दौलताबाद म्हणत, पंडित भगवानलाल इंद्रजी जुन्नर म्हणत, डॉ. भांडारकरांचा कल धारूरकडे होता. १९०१ सालीं फ्लीटनें तगर म्हणजे तेर असें प्रतिपादिलें, तें तेथल्या अवशेषांनीं दृढ झालें. ज्या पुस्तकाच्या आधारें इतक्या काळानंतर मुक्कामीं पोंचतां येतें, त्याला केवळ हिशेबाची वही कसें म्हणावें?

मात्र याच वाक्याचा आपल्याकडे होणारा दुरुपयोगहि सांगितला पाहिजे. 'रोमपर्यंत आमचा व्यापार होता' असें भाषणांत म्हणावयाचें, आणि तेरला कसें जावें तें मात्र पाहुण्याला नीट सांगतां येऊं नये, ही आपली रीत. परक्यानें दोन हजार वर्षांपूर्वीं दिलेल्या प्रशस्तिपत्रावर आपण संतुष्ट आहों. पण त्या पत्रांत जो विणकर नाहीं त्याचा माग तेरलाच लागण्याजोगा आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर वेंचलेल्या वस्तूंवर उभें राहिलेलें तेथील वस्तुसंग्रहालय पाहावें. मणी, शंखाच्या बांगड्या, साच्यांतून काढलेल्या केओलिनच्या मूर्ति, ही सर्व नांव नसलेल्या कारागिरांची कमाई आहे. इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरांत १९३८ सालीं जी हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली, तिचें नातें विद्वान् भोकरदन आणि तेर येथील हस्तिदंती मूर्तींशीं जोडतात. शेजारीं विटांचें त्रिविक्रमाचें देऊळ आहे. त्याची अर्धवर्तुळाकार पाठ तें मूळचें चैत्यगृह असल्याचें सांगते.

तीस दिवसांची ती वाट आतां धाराशिवपर्यंत रात्रीच्या गाडीची झाली आहे. तेथून तेर जवळच. आठ तासांच्या उतारूला तीहि लांबच पडेल, आणि त्यानें यावें असा आग्रह नाहीं. आग्रह आहे तो मराठी लेखकांजवळ. मुंबई बंदराचें असें एखादें लहानसें पुस्तक आपण लिहावें, कीं ज्यांत लाँचची वेळ खरी असेल, सोमवारची सुटी खरी असेल, अलेक्झांडरची विहीर नसेल. आणि शेवटच्या पानावर, या धक्क्यापासून तेर किती दूर आहे व तेथें कोणत्या लोकांनीं काय काम केलें, हें पेरिप्लसकारानें सांगितलें त्याहून एक ओळ तरी अधिक असेल.