टुटू आणि नऊवारी

सुलतान बाजारातील साड्यांच्या दुकानांपुढून जाताना मनात प्रश्न येतो : नर्तकीच्या वस्त्राची मोहिनी कापडात असते, की पदन्यासात?

पाश्चात्त्य बॅले नृत्यातील 'टुटू' या घेरदार पोशाखाचा इतिहास याचे उत्तर देतो. १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी ताल्योनी पायाच्या बोटांच्या अग्रांवर नाचली, तेव्हा तिचा तलम, शुभ्र घागरा पोटरीपर्यंत होता. पुढे गिरक्या अवघड होत गेल्या, तसा पायांचे कौशल्य दिसावे म्हणून तो आखूड होत कमरेभोवती आडवा पसरला. आपल्या लावणीतील नऊवारीचा कासोटाही पायांना मोकळीक देतो. भेद इतकाच, की टुटू नर्तकीला भूमीपासून उचलू पाहतो. नऊवारी घुंगरांच्या ठेक्यासवे तिला भूमीशी जोडते.

आज शिवलेली नऊवारी मिळते, म्हणून कित्येक रसिक हळहळतात. ती हळहळ अस्थानी आहे. टुटूही शिवलेलाच असतो! वस्त्र नेसले की शिवले, हे गौण. त्याने पाऊल झाकले की उजळले, हाच खरा निकष. जरीच्या झगमगाटात पाऊल हरवले, तर मात्र नऊच्या नऊ वार व्यर्थ होत.