माणसांची भिंत

'घाशीराम कोतवाल'चं पुस्तक हातात घेऊन वाचणाऱ्याला त्या नाटकाची खरी ताकद निम्मीच कळते. नाटककार विजय तेंडुलकरांनी माणसांची रांग लिहिली होती. तिच्यात राज्ययंत्रणा दिसते ती रंगमंचावर. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेलांनी पडद्याचं काम माणसांवर सोपवलं. धोतर-उपरण्यातले ब्राह्मण ओळीत उभे राहून गात, डुलत. प्रेक्षकांकडे पाठ केली की भिंत होई, फुटून बाजूला झाले की भिंतीआडचं पाप उघडं पडे. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्यदिग्दर्शन यांच्या लयीत ही रांग इतकी देखणी होई, की आपण अत्याचाराला ताल धरतोय हे प्रेक्षकाच्या उशिरा लक्षात येई. नाटकातल्या नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठलं, एकोणीस प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेने ते थांबवलं आणि पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढली. त्या वादाच्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. सत्ता ही एका दुष्टाची करणी नसून तिला आडोसा देणाऱ्या पाठींची रचना आहे, हे पटेलांनी संवादातून सांगण्याआधी नेपथ्यातून सांगितलं होतं. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाकडे मी या भिंतीच्या बाजूने पाहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं तेंडुलकरांचं. 'सामना' (1975), 'सिंहासन' (1979) आणि 'उंबरठा' (1982) यांच्या पटकथा त्यांच्याच, तेव्हा दिग्दर्शकाच्या पदरी काय उरतं? आक्षेप हलका नाही. तेंडुलकर नसते तर पटेलांना आपले विषय इतक्या धारदारपणे सापडले असते असं मला वाटत नाही. पण मग 'जैत रे जैत'चं (1977) काय करायचं? कादंबरी गो. नी. दांडेकरांची, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. तेंडुलकरांच्या हिंसेचा तिथे मागमूस नाही. ठाकरवाडीची गोष्ट आहे, आणि ती पुढे जाते समूहाच्या गाण्यावर. नाग्या आणि चिंधी यांची वेदना एकट्याची राहत नाही, वाडी ती उचलून धरते. 'घाशीराम'मध्ये गुन्हा झाकणारा समूह इथे माणसाला सावरतो. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तवरून केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'तही (1978) गाणाऱ्या घोळक्यावरची हीच हुकमत दिसते. लेखक बदलले तरी टिकून राहणाऱ्या या गोष्टीला मी दिग्दर्शकाची दृष्टी म्हणतो.

दुसरा आक्षेप चित्रपटाच्या जाणकारांचा: हे सिनेमे नाटकी आहेत, बोलून सांगतात. 'सामना'त निळू फुले (हिंदुराव) आणि श्रीराम लागू (मास्तर) यांची जुगलबंदी रंगमंचावरही रंगली असती, हे खरं. पण त्या दोघांच्या मधे तिसरा एक आहे, मारुती कांबळे. त्याचं काय झालं हे गावात ठाऊक असूनही कुणी बोलत नाही. साखर कारखान्याची भरभराट आणि हिंदुरावाचा दिलदार पाहुणचार यांच्यामागे हे मौन भिंतीसारखं उभं आहे. दारूत बुडालेला मास्तर तिला एकाच प्रश्नाने धडका देत राहतो. रंगमंचावर माणसांनी पाठ फिरवली की भिंत व्हायची. इथे नुसतं न बोलणं पुरतं. नाटकाची युक्ती कॅमेऱ्यापुढे जशीच्या तशी न आणता तिचा अर्थ तेवढा आणणं, हे माध्यम ओळखणाऱ्याचं काम आहे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरच्या 'सिंहासन'मध्ये तर मंत्री, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार अशी सबंध मुंबईच रांगेत उभी राहते. पात्रं इतकी, की एखादा दिग्दर्शक त्यांच्याखाली चिरडला गेला असता. पटेल प्रत्येकाला मोजकी जागा देतात आणि कुणालाच नायक होऊ देत नाहीत. सगळं पाहणारा पत्रकार दिगू शेवटी भ्रमिष्ट होतो, कारण त्या रांगेबाहेर उभं राहायला जागाच उरलेली नाही.

'उंबरठा'त स्मिता पाटीलची सुलभा हा अपवाद वाटेल. मला वाटत नाही. शांता निसळांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा हा चित्रपट तिला महिला सुधारगृहात नेतो आणि संस्थाचालक, कर्मचारी, घरचे यांचं मूक एकमत तिच्याभोवती आवळत जातो. ती कणखर दिसते ती त्या वेढ्यामुळे.

माझी तक्रार पुढच्या चरित्रपटांबद्दल आहे. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (2000) मागे प्रचंड श्रम आहेत, मामुट्टींचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त अभिनय आहे, आणि असा चित्रपट व्हायलाच हवा होता. पण चरित्राचा क्रम सांभाळताना समूह बऱ्याचदा श्रोता होऊन बसतो. इतक्या मोठ्या आयुष्याला आदराने सामोरं जावं लागतं, असं कुणी म्हणेल. मला ते मान्य आहे. मात्र आंबेडकरांचं चरित्र हे मुळात समूहाने पाठ ताठ करण्याचं चरित्र आहे. महाडला चवदार तळ्यावर 1927 मध्ये हजारो माणसं चालून गेली. पाठींची भिंत कशी बांधली जाते हे रंगमंचावर दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला ती मोडायला निघालेली एवढी मोठी रांग इतिहासाने दिली होती. तिला नायकाच्या बरोबरीची जागा मिळायला हवी होती.