‘त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचं’ म्हणजे नेमकं काय? एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा

वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर सिनॉप्सिस लिहायला घेतलंत की लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं: त्वचेचा कर्करोग ओळखण्यात संगणक आता त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीला आला आहे. पुढे संदर्भ असतो एस्टेव्हा आणि सहकारी, नेचर, २०१७. हा पेपर हजारो वेळा उद्धृत झालाय. पण त्यातले किती जण गोषवाऱ्याच्या पुढे गेले असतील, याबद्दल मला दाट शंका आहे. म्हणून आज तो पेपर नीट उघडून बघू. तुमचा विषय त्वचारोग नसला तरी चालेल. रोगनिदानाचा कुठलाही अभ्यास वाचताना हेच प्रश्न विचारावे लागतात.

आधी पेपरचं देणं मान्य करू, कारण ते मोठं आहे. स्टॅनफर्डच्या या गटाने १,२९,४५० छायाचित्रं जमवली. त्यात २,०३२ वेगवेगळे त्वचारोग होते. त्याआधीचे अभ्यास काहीशे किंवा फार तर काही हजार चित्रांवर चालायचे. या गटाने गूगलचं इन्सेप्शन व्ही-३ हे नेटवर्क घेतलं. मांजर, गाडी, कपबशी अशा साध्या वस्तूंच्या सुमारे १२.८ लाख चित्रांवर ते आधीच शिकलेलं होतं. मग त्याला त्वचेच्या चित्रांवर पुन्हा शिकवलं. आज हे कुणीही एका दुपारी करून बघतं, पण तेव्हा नवल होतं.

आता तुलना. पहिली परीक्षा नऊ गटांत वर्गीकरणाची. तिथे संगणक ५५.४ टक्के बरोबर आणि दोन त्वचारोगतज्ज्ञ ५३.३ व ५५.० टक्के. हो, पंचावन्न टक्के. आणि डॉक्टर दोनच. पण इथे लेखकांचं कौतुक करायला हवं: या परीक्षेतल्या चित्रांची उत्तरं बायोप्सीने पक्की झालेली असतीलच असं नाही, त्यामुळे हा आकडा निर्णायक धरू नका, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. उद्धृत करणाऱ्यांना ते वाक्य दिसत नाही, त्याला ते काय करणार!

ज्या परीक्षेवरून बरोबरीचा दावा आला ती वेगळी. तिथे बायोप्सीने सिद्ध झालेली चित्रं होती आणि समोर किमान २१ त्वचारोगतज्ज्ञ. प्रश्न मात्र अगदी अरुंद होते. एक, ही गाठ केराटिनोसाइटचा कर्करोग की सेबोरीक केराटोसिस नावाची निरुपद्रवी वाढ? दोन, हा मेलानोमा की साधा तीळ? दुसरा प्रश्न दोनदा विचारला, एकदा साध्या फोटोंवर आणि एकदा डर्मोस्कोपमधून काढलेल्या फोटोंवर. म्हणजे २,०३२ रोगांवर शिकलेल्या यंत्राची बरोबरी ठरली दोन जोड्यांवर. डॉक्टरांना विचारलं होतं: बायोप्सी वा उपचार कराल, की रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवाल?

आता कल्पना करा, तुम्ही ओपीडीत बसलाय. समोरचा माणूस ‘हा मेलानोमा की तीळ, दोनांतून एक सांगा’ असं म्हणत येत नाही. तो नायटा घेऊन येतो, इसब घेऊन येतो, भाजल्याचा डाग घेऊन येतो. दोनच उत्तरं माहीत असलेल्या यंत्राला नायटा दाखवला तर ते दोनांतलंच एक उत्तर देणार. शिवाय डॉक्टर बोट लावून बघतात, कधीपासून आहे, वाढतोय का, घरात कुणाला होतं का, हे विचारतात. अंगावरचे बाकीचे तीळही बघतात, कारण सगळ्यांत वेगळा दिसणारा तीळच बहुधा काळजीचा असतो. पेपरमधल्या डॉक्टरांकडे फक्त फोटो होता. यंत्राची ती रोजची सवय, डॉक्टरांचं तसं नाही. म्हणजे सामना एकाच्या घरच्या मैदानावर झाला.

यानंतरचा मुद्दा जरा सावकाश वाचा, कारण सिनॉप्सिसच्या तोंडी परीक्षेत इथेच दांडी उडते.

त्या परीक्षेतल्या डर्मोस्कोपच्या १११ चित्रांपैकी ७१ कर्करोगाची होती, म्हणजे सुमारे ६४ टक्के. कुठल्याही दवाखान्यात तीळ दाखवायला येणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांना मेलानोमा असतो का? कुठेच नाही. ‘पण सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी तर प्रमाणावर अवलंबून नसतात,’ असं तुम्ही म्हणाल. सूत्रापुरतं खरं आहे. पण रुग्णाच्या हातात ते आकडे पडत नाहीत, त्याच्या हातात पडतो निकाल. समजा, यंत्राची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी ८० टक्के आहे. (हे आकडे मी हिशेबासाठी घेतलेत, पेपरमधले नाहीत.) १,००० चित्रांत निम्मी कर्करोगाची असतील तर ४५० खरे रुग्ण सापडतील आणि १०० निरोगी विनाकारण घाबरतील. ठीक आहे. आता त्याच यंत्रासमोर १,००० साधी माणसं आणा, ज्यांत १० जणांना कर्करोग आहे. ९ सापडतील, १ सुटेल. उरलेल्या ९९० मधल्या १९८ जणांनाही ‘बायोप्सी करा’ असं सांगितलं जाईल. २०७ जण घाबरले, त्यातले ९ खरे. यंत्र तेच, कोड तोच.

आणखी एक मेख आहे. बायोप्सीने सिद्ध झालेली चित्रं घेणं हे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच. पण बायोप्सी कुणाची होते? ज्याच्याबद्दल एखाद्या डॉक्टरला आधीच शंका आली त्याची. जे तीळ बघताक्षणी निरुपद्रवी म्हणून सोडून दिले, ते या परीक्षेत आलेच नाहीत. म्हणजे मोबाइल घेऊन घरी बसलेल्या माणसाच्या अंगावरचे तीळ आणि ही परीक्षेतली चित्रं, हे दोन वेगळे समूह आहेत. हे लक्षात घ्या, कारण पेपरचा गोषवारा थेट मोबाइलवर जाऊन थांबतो: २०२१ पर्यंत जगात ६.३ अब्ज स्मार्टफोन जोडण्या असतील, त्यामुळे स्वस्तात सर्वांपर्यंत निदान पोहोचू शकेल, अशी ती आशा. आणि याच पेपरच्या पद्धतीच्या भागात काय लिहिलंय? धूसर आणि लांबून काढलेले फोटो प्रशिक्षणात ठेवले, पण चाचणीच्या संचातून काढून टाकले. मोबाइलवर काढलेले फोटो कसे असतात, हे आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बघा. दोन्ही वाक्यं एकाच पेपरमध्ये आहेत, फक्त मधे काही पानं आहेत. म्हणूनच मी ज्युनिअर्सना सांगते की पद्धतीचा भाग आधी वाचा.

मग यंत्र शिकलं तरी काय? याच गटातल्या काही लेखकांनी २०१८ मध्ये एक गोष्ट जाहीर केली, जी आता वर्गावर्गांत सांगितली जाते. फोटोत मोजपट्टी असेल तर त्यांचं यंत्र ‘कर्करोग’ म्हणण्याकडे जास्त झुकत होतं. कारण सोपं आहे. डॉक्टरला शंका आली की तो डागाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो, त्यामुळे प्रशिक्षणातल्या पट्टीवाल्या फोटोंत कर्करोग जास्त. यंत्राने डॉक्टरची शंका पाठ केली! आपल्याच यंत्राची खोट स्वतः छापणं सोपं नसतं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

२०१९ मध्ये जामा डर्मेटॉलॉजीमध्ये हायडेलबर्गच्या विंकलर आणि सहकाऱ्यांनी हेच जांभळ्या शाईवर तपासलं. शस्त्रक्रियेआधी डागाभोवती जी खूण करतात, ती शाई. १३० डाग घेतले, २३ मेलानोमा आणि १०७ साधे तीळ. यंत्र बाजारात विक्रीला असलेलं. खुणा नसलेल्या फोटोंवर स्पेसिफिसिटी ८४.१ टक्के. त्याच डागांभोवती खूण केल्यावर ४५.८ टक्के. टक्केवारी सोडून माणसं मोजा: १०७ निरोगी तिळांपैकी आधी १७ चुकीचे पकडले जात होते, शाईनंतर ५८. पुढे फोटो कापून खूण बाहेर काढली, की स्पेसिफिसिटी पुन्हा वर आली. मला हा अभ्यास मूळ पेपरपेक्षाही जास्त आवडतो. साधा प्रश्न, छोटा नमुना, एकच गोष्ट बदलली आणि उत्तर वादातीत. पीएचडीसाठी लाखभर चित्रं नसली तरी काय करता येतं, ते इथे दिसतं.

आता आपल्या त्वचेकडे येऊ. लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये २०२२ साली छापलेल्या एका आढाव्यात त्वचेच्या कर्करोगाचे खुले चित्रसंच तपासले गेले. एकूण १,०६,९५० चित्रं. त्यांतल्या फक्त २,४३६ चित्रांसोबत त्वचेचा प्रकार नोंदवला होता. त्यांत तपकिरी त्वचेची चित्रं दहा आणि गडद तपकिरी वा काळ्या त्वचेचं एक. वंशाची नोंद असलेल्या १,५८५ चित्रांत दक्षिण आशियाई माणसाचं एकही नाही. एकही. गोऱ्या त्वचेत मेलानोमाचं प्रमाण जास्त असतं, हे कारण खरं असलं तरी पुरेसं नाही, कारण नोंदच न ठेवण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

स्टॅनफर्डच्याच डॅनेशजू आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ५७० रुग्णांची ६५६ बायोप्सी-सिद्ध चित्रं मुद्दाम वेगवेगळ्या वर्णांची घेऊन तीन यंत्रं तपासली. तिन्ही घसरली, आणि गडद त्वचेवर जास्त. पण याच अभ्यासात फोटो बघून निदान करणारे त्वचारोगतज्ज्ञही गडद त्वचेवर कमी पडले. म्हणजे तज्ज्ञांनी लावलेली लेबलं ‘खरं उत्तर’ म्हणून घेतलीत, तर त्यांच्या चुकाही यंत्राच्या अभ्यासक्रमात जातात. अशी वेगवेगळ्या वर्णांची चित्रं देऊन पुन्हा शिकवल्यावर यंत्रांमधली ती दरी भरली, हेही त्यांनी दाखवलं.

तुमच्यापैकी कुणाला हेच काम महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयातल्या फोटोंवर करायचं असेल, तर मेलानोमा सोडा, गजकर्ण घ्या. दिसायला सोपं: गोल कडा, मधे साफ. पण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टिरॉइडचं मिश्र मलम महिनाभर लावलं की ती कडा पुसट होते, खाज कमी वाटते आणि बुरशी पसरत राहते. पुस्तकातल्या फोटोशी त्याचं नातं उरत नाही. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही, जांभळट वा काळपट दिसते, हे आणखी वेगळं. अशा वेळी डॉक्टर कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्याचं तर मुख्य लक्षणच बधीरपणा, आणि तो फोटोत येत नाही.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘खरं उत्तर कुणी ठरवलं’ या रकान्यात ‘दोन तज्ज्ञांनी फोटो बघून’ असं लिहिण्याआधी गाइडला विचारा: प्रत्येक रुग्णाचा कोंडा खरवडण्याची तपासणी करून घेता येईल का, आणि आधी कोणतं मलम लावलं होतं याची नोंद ठेवता येईल का? एथिक्स कमिटीच्या अर्जात या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून लागतात. फोटो जमवून झाल्यावर त्या मागे जाऊन मिळवता येत नाहीत.